तिसरं नाव

गणपतरावांनी स्कूटर कडुनिंबाखाली उभी केली तेव्हा देवाजी अंगणात दगडावर बसून स्वतःचं धोतर धूत होता. बायको गेल्यापासून तो धुणं घरीच धुई. विहिरीवर सगळ्या बाया असत आणि बायांमध्ये जाऊन धोतर आपटायची त्याला लाज वाटे.

"राहू द्या, उठू नका," गणपतराव म्हणाले. ते कचेरीत कारकून होते आणि उरलेल्या वेळात जिल्ह्याच्या प्रौढ खेळाडू मंडळाचे चिटणीस. हुडकेश्वरपर्यंत ते उगाच येत नसत. "वाईट सांगाले आलो, देवाजी भाऊ. पन्नाशीवरच्या बायांची चालण्याची शर्यत रद्द होऊन राहिली."

"काहून?"

"नावं दोनच आली. एक आपली कौसल्या अन् एक इंदूरची मास्तरीण. तीन पाह्यजेत. तुमाले तर ठाऊकच हाये."

देवाजीला ठाऊक होतं. त्याच्याइतकं कोणालाच नसेल.

साठ-बासष्ट सालापासून तो हे पाहत आला होता. तेव्हा तो गिरणीत होता आणि गिरणीच्या वार्षिक खेळांत, लिंबू-चमच्याच्या आणि संगीत खुर्चीच्या मधे, एक 'बुढ्ढा रेस' असे. चाळिशीवरचे कामगार धोतराचा काचा मारून धावत. लोक पाहायला येत ते कोण जिंकतो यासाठी नाही, तर कोणाचं धोतर सुटतं यासाठी. देवाजी त्यात पहिल्यांदा धावला तेव्हा नुकता चाळिशीत आला होता. पितळेचा गडवा मिळाला. तो गडवा अजून घरात होता आणि त्याची धार सरळ पडत नसे.

पुढे गणपतरावांसारखी माणसं जमली. कोणी पोलिसातला, कोणी रेल्वेतला, कोणी शाळेतला मास्तर. त्यांनी म्हाताऱ्यांची हसवणूक बंद केली. चाळिशीचे वेगळे, पन्नाशीचे वेगळे, साठीचे वेगळे असे गट पाडले. आधी जिल्ह्याच्या स्पर्धा, मग राज्याच्या, आणि काही वर्षांनी अख्ख्या देशाच्या. माणसं आगगाडीत सतरंजी टाकून दोन-दोन दिवसांचा प्रवास करत आणि शाळेच्या वर्गात झोपून सकाळी धावत. देवाजीचे गुडघे गेले तेव्हा मंडळानं त्याच्या हातात घंटा दिली. शेवटचा फेरा सुरू झाला की घंटा वाजवायची. चालण्याच्या शर्यतीत फेरे पुष्कळ, माणसं मागेपुढे होतात, कोणाचा शेवटचा आणि कोणाचा नाही हे ध्यानात ठेवावं लागतं. देवाजीच्या ध्यानात राही.

बायांचा विचार सगळ्यात शेवटी झाला. कार्यक्रमपत्रिकेत त्यांच्या शर्यती छापल्या जात, मैदानावर बाया नसत.

देवाजीची बायको कांताबाई होती. ती आणि तिची जाऊ तुळसाबाई, दोघी रोज पहाटे डोक्यावर सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची, टोपली घेऊन हुडकेश्वरहून सक्करदऱ्याच्या बाजारात जायच्या. सांबार कोमेजायच्या आत पोचायचं असे, म्हणून पाय उचलावा लागे. पण डोक्यावर टोपली असताना पळता येत नाही. पळालं की टोपली हिंदकळते. म्हणून दोघींना वीस-पंचवीस वर्षांत अशी चाल लागली होती की मान हलत नसे आणि पाय थांबत नसे. गणपतरावांनी एकदा रस्त्यात कांताबाईच्या मागे स्कूटर चालवली आणि घरी येऊन म्हणाले, "देवाजी भाऊ, तुमी घंटी काय वाजवता, खरा चालणारा माणूस तर तुमच्या घरात स्वयंपाक करून राहिला."

गेल्या वर्षी देशाची स्पर्धा परप्रांतात होती. कांताबाई तिकडे चालायला गेली. देवाजीनं तिला कॅनव्हासचे बूट घेऊन दिले. तिथे पोचल्यावर कळलं की पन्नाशीवरच्या गटात दोनच बाया आहेत, ती आणि कौसल्या. तिघी नसतील तर शर्यत होत नाही. पदराला नंबराचं कापड लावून ती रेषेजवळ उभी राहिली आणि पंचांनी हात हलवून तिला बाजूला व्हायला सांगितलं. परतीच्या गाडीत तिनं ते कापड काढलंच नाही. नागपूर स्टेशनात उतरताना काढलं आणि म्हणाली, "सांबार घेऊन गेली अन् बाजारच नाई भरला, असं झालं बापा." मग बैलबंडीत चढता चढता पुन्हा म्हणाली, "येत्या वर्षी आपल्याच गावात हाये म्हणतात. तिसरी मी आणीन."

श्रावणात तिला कावीळ झाली आणि पंधरा-वीस दिवसांत ती गेली.

"उद्या सांजेपर्यंत नाव पाह्यजे," गणपतराव म्हणाले. "वयाचा दाखला डॉक्टर देते, त्याची फिकीर नाई. पन्नाशीची चालणारी बाई तेवढी आणा. तुमची भावजय नाई का? तुळसाबाई?"

देवाजी धोतर पिळत राहिला. "विचारतो," तो म्हणाला.

विचारतो म्हणणं सोपं होतं. तुळसाबाई त्याच्या धाकट्या भावाची, बळीरामची बायको. दोन्ही घरांच्या मधे पऱ्हाट्यांचं, कपाशीच्या वाळल्या काड्यांचं कुंपण, तेही कमरेएवढं. ती सून म्हणून आली त्याला तीस वर्षं होऊन गेली होती आणि तीस वर्षांत देवाजीशी ती एक शब्द बोलली नव्हती. त्यानंही तिचा चेहरा नीट पाहिला नव्हता. भांडण काही नव्हतं. तो तिचा भासरा होता, नवऱ्याचा थोरला भाऊ. भासऱ्याच्या पुढून जायचं नाही, त्याच्यासमोर डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही, त्याच्याशी बोलायचं नाही, ही रीत. शहरात लोकांनी सोडली होती. हुडकेश्वरात त्या पिढीच्या बायांनी सोडली नव्हती, आणि देवाजीला ती सोडा म्हणायचं कधी सुचलं नव्हतं.

तीस वर्षं त्यानं काही अडलं नाही, कारण मधे कांताबाई होती. इकडचा निरोप तिकडे, तिकडचा इकडे, तीच नेई. कोणाची गाय व्याली, कोणाकडे पाहुणे आले, कोणाला ताप आहे, सगळं तिच्या तोंडून जाई. ती गेल्यावर दोन्ही घरांतलं बोलणंच बंद पडलं. तुळसाबाई रोज त्याचा डबा करून बळीरामच्या हाती पाठवी. भाजीत मीठ जास्त असे. रोजच जास्त असे. चार महिने देवाजी ती भाजी भाकरीत कालवून खात होता, कारण सांगणार कोणाजवळ? बायको मेल्यावर डबा मिळतो आहे आणि वर मिठाची तक्रार, हे बळीरामजवळ सांगायचं तरी कसं. शिवाय बळीरामला सांगून उपयोगही नव्हता. तो गिरणीत माग खात्यात होता. सगळा जन्म मागांच्या खडखडाटात गेला आणि कान तिथेच राहिले. कोणी काही म्हटलं की तो हसून "बरोबर हाये" म्हणे.

सांज झाली तेव्हा देवाजी कुंपणाशी जाऊन उभा राहिला. बळीराम बाजेवर बसून बिडी ओढत होता. आत भांडी वाजत होती.

"बळ्या," देवाजी मोठ्यानं म्हणाला, "घरात सांग, उद्या सांजेपर्यंत नाव द्या लागते."

"बरोबर हाये, दादा," बळीराम म्हणाला.

आतली भांडी थांबली. थोड्या वेळानं दाराआडून आवाज आला. "कशाचं नाव, विचारा त्याहिले."

बळीरामनं काही विचारलं नाही. देवाजीनं दाराकडे न पाहता बळीरामकडे पाहून सांगितलं, "चालण्याच्या शर्यतीत. दोघीच हायेत. तिसरी नसली तर यंदाही शर्यत नाई होत, म्हणा. गेल्या वर्षी झालं तसंच होईन."

"मले नाई जमत म्हणा."

"काहून नाई जमत, विचार. रोज सक्करदऱ्याले तर जाते. दोघी बराबरीनं चालत होत्या."

"चालणं जमते," दाराआडून आवाज आला. "थे तिथं राहतीन का, विचारा. घंटी वाजवाले?"

"राहीन म्हणा. माहं कामच हाये थे."

"मंग कसं जमन? कमरेत पदर खोचून भासऱ्याच्या मोरून चालू का मी? अन् एकदा नाई, चकरा मारमारून?"

"तिथं हजार माणूस राहीन म्हणा. पोलीस राहतीन, मास्तर राहतीन. पदर खोचलेला थे नाई पाहत का?"

"हजार का माहे भासरे हायेत?"

बळीरामनं बिडी तोंडातून काढली. "का म्हणते ते, दादा?"

"काही नाई. बिडी ओढ."

देवाजी तसाच उभा राहिला. तिचं म्हणणं त्याला खोटं वाटलं नाही. कांताबाईनंही तिच्या भासऱ्यापुढे जन्मभर पदर खाली येऊ दिला नव्हता. घरी देवाजीचा म्हातारा चुलतभाऊ आला की ती गोठ्याकडून फिरून विहिरीवर जाई. रीत चुकीची आहे असं आज सांगायचं, ते फक्त आपलं काम अडलं म्हणून. हे त्याला बरं वाटेना. आणि शर्यत न होणंही त्याला बरं वाटेना. कांताबाईनं तिसरी आणीन म्हटलं होतं. तिच्या मनात कोण होतं हे आता उघड होतं. तुळसाशी ती बोललीही असेल, आणि भासऱ्याचं काय करायचं तेही दोघींनी ठरवलं असेल. त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

ती शर्यत पाहायची, एवढंच त्याच्या मनात होतं. मैदानावर, रेषेजवळ, हातात घंटा घेऊन. आणि तो तिथे असला की शर्यत नव्हती.

"बळ्या," तो म्हणाला, "घरात सांग, मी नाई राहणार. मैदानात पायच नाई ठेवणार."

देवाजी कुंपणावरून पुढे वाकला.

"आण घेऊ का, विचार."

"नको म्हणा," आवाज आला. "भासऱ्याले आण घाला लावत नाई. मंग नाव द्या म्हणा."

देवाजी वळला, मग पुन्हा थांबला. "तिचे बूट हायेत म्हणा. कॅनव्हासचे. एकदाच घातले होते."

"माहा पाय मोठा हाये. अन् बुटानं जमीन समजत नाई."

"बरोबर हाये," बळीराम म्हणाला.

दुसऱ्या दिवशी देवाजीनं सायकलवर घंटा बांधली आणि गणपतरावांच्या कचेरीत नेऊन त्यांच्या टेबलावर ठेवली. घंटा जुन्या गिरणी-फाटकावरची होती, हात लागला तरी वाजे. सगळ्या कारकुनांनी माना वर केल्या.

"नाव लिहा. तुळसाबाई," देवाजी म्हणाला. "अन् घंटी दुसऱ्याले द्या."

"काहून गा? देशाची स्पर्धा आपल्या गावात येऊन राहिली अन् तुमी घंटी ठेवता?"

"भैयाजी वाजवन."

"भैयाजी? थो लग्नात पंगत मोजते तर पाच पानं कमी पडते. त्याच्या हाती फेरे देऊ?"

"द्या. माह्यानं नाई होत. थे माह्या भावाची बायको. मी भासरा हावो."

गणपतराव हसायला लागले. हसता हसता थांबले आणि चष्मा पुसू लागले. "माह्या घरीही तेच हाये," ते हळू म्हणाले. "माही वहिनी लोकसभेच्या मतदानाले मागच्या दारानं गेली. मोरच्या दारात माहे सगळ्यात मोठे भाऊ, तिचे भासरे, बसले होते." त्यांनी घंटा उचलून टेबलाखाली ठेवली. "पण मंग तुमी पाहणार नाई?"

"नाई."

"पाह्यलं असतं तर बरं झालं असतं."

"हो," देवाजी म्हणाला.

शर्यतीच्या दिवशी बळीराम आणि तुळसाबाई पहिल्या बसनं गेले. देवाजी त्यांना दिसू नये म्हणून उशिरानं सायकलवर निघाला. मैदानात पाय ठेवणार नाही असं तो म्हणाला होता. मैदानाच्या बाहेर उभं राहणार नाही असं म्हणाला नव्हता. हा विचार त्यानं वाटेत दोन-तीनदा तपासून पाहिला आणि तो त्याला ठीक वाटला.

मैदानाला विटांची भिंत होती. सायकल भिंतीला टेकवून तो उभा राहिला. भिंत छातीपर्यंत आली. आत चुन्याच्या पांढऱ्या रेषा होत्या, वेगवेगळ्या प्रांतांची म्हातारी माणसं चड्ड्या घालून हातपाय झटकत होती, एक पंजाबी म्हातारा दाढीला जाळी बांधून गोळा फेकत होता. आवाज फार नव्हता. कोणी हसतही नव्हतं. बुढ्ढा रेसचे दिवस खरोखर गेले होते. देवाजीनं तोंड फिरवलं. आपण पाहायचं नाही. तो पाठ टेकवून रस्त्याकडे पाहत उभा राहिला. समोर शेंगावाला बसला होता.

"काका, आत जा ना," शेंगावाला म्हणाला. "तिकीट नाई लागत. म्हाताऱ्यांच्या शर्यतीले कोण तिकीट काढते?"

"इथंच बरा हावो."

"शेंगा घ्या मंग."

देवाजीनं शेंगा घेतल्या. तेवढ्यात भोंग्यातून आवाज आला. पन्नास वर्षांवरील महिला, चालणे. तीन नावं पुकारली. कौसल्याचं, इंदूरच्या मास्तरणीचं, आणि तुळसाबाई, नागपूर. थोडा वेळ गेला. भोंगा पुन्हा बोलला. तुळसाबाई, नागपूर, रेषेवर या. देवाजीनं शेंगा फोडायच्या थांबवल्या. काय झालं असेल? पाऊस तर नव्हता. पायात काही मोडलं? भोंग्यानं तिसऱ्यांदा नाव घेतलं आणि पुढे म्हटलं की ही शेवटची सूचना, आल्या नाहीत तर शर्यत रद्द.

काही न सुचून देवाजी वळला आणि भिंतीवरून आत पाहिलं. रेषेजवळ दोन बाया उभ्या होत्या. तिसरी थोडी अलीकडे, पाठमोरी, डोक्यावर पदर पुरा ओढून, जागच्या जागी थांबलेली. कौसल्या तिला काही सांगत होती आणि ती मान हलवत होती. ती भिंतीकडे पाठ करून उभी होती. याच भिंतीकडे.

तेव्हा त्याच्या ध्यानात आलं. भिंत छातीएवढी, आणि वर त्याची टोपी. धुऊन, नीळ घालून, आजच्या दिवसासाठी घातलेली पांढरी टोपी. अख्ख्या मैदानातून दिसत असेल.

तो खाली बसला. बसताना गुडघे वाजले. टोपी काढून त्यानं मांडीखाली धरली.

"काय झालं, काका? चक्कर आली का?" शेंगावाला उठून आला.

"नाई. बस तू."

"उधारीवाला हाये का कोणी आत?"

"बस म्हटलं ना, बापा."

शेंगावाला बसला, पण त्याच्याकडे पाहत राहिला. बासष्ट वर्षांचा माणूस भिंतीमागे उकिडवा बसून, उघड्या डोक्यानं, कान भिंतीला लावून होता. मग आत पिस्तुलाचा बार झाला.

शर्यत लागली. कांताबाईची शर्यत लागली, असं त्याच्या मनात आलं. आणि ती त्यात नाही, हेही आलं. तो डोळे मिटून बसला. अनवाणी पायांचा आवाज भिंतीपलीकडे येत नाही. कोण पुढे, कोण मागे, काही कळेना. आणि घंटा भैयाजीकडे. त्यानं एक फेरा जास्त चालवला तर? एक कमी चालवला तर? मोजायला तर काही पाहिजे.

तेवढ्यात एक मोठा आवाज आला. "चाल वं, चाल!"

तो बळीराम होता. बहिऱ्या माणसाला आपला आवाज किती मोठा आहे हे कळत नाही. तो बहुधा बाकावर समोरच बसला होता आणि तुळसाबाई पुढून गेली की ओरडत होता. थोडा वेळ गेला आणि पुन्हा आवाज आला. "चाल वं, चाल!" आतल्या बाया हसल्या. कोणीतरी त्याला गप्प बसा म्हटलं असावं, पण ते त्याला ऐकू येणार नव्हतं. पुन्हा आला. देवाजी बोटावर धरू लागला. आवाजाच्या मधलं अंतर सारखं पडत होतं, वाढत नव्हतं. म्हणजे ती थकली नव्हती. सांबाराच्या चालीनं चालली होती.

बोटं संपली तेव्हा त्यानं शेंगांची टरफलं मांडली. घंटा आता वाजली पाहिजे, असं त्याला वाटलं आणि घंटा वाजली. एकदा, मग पुन्हा, मग जराशा उशिरानं तिसऱ्यांदा. भैयाजी चुकला नाही. बळीराम शेवटचं ओरडला. टाळ्या झाल्या, पुष्कळ नाही, पण चांगल्या झाल्या.

देवाजीनं टोपी झटकून घातली आणि सायकल काढली.  घरी येईपर्यंत कोण जिंकलं ते त्याला माहीत नव्हतं.

सांजेला तो कुंपणाशी गेला. बळीराम बाजेवर होता, गळा बसलेला, तरी खूश. आत चूल पेटली होती.

"बळ्या, कसं झालं, विचार घरात."

"कौसल्या पहिली," दाराआडून आवाज आला. "मास्तरीण दुसरी. तिनं बूट घातले होते. मी तिसरी आली, म्हणा. तिसरीच पाह्यजे होती ना?"

"हो म्हणा. चांगलं झालं."

"बिल्ला देल्ला. जाऊबाईच्या फोटोले घालाले मागतीन तर नाई देणार म्हणा. पाय माहे होते."

"मागत नाई म्हणा. जिचे पाय तिचाच बिल्ला."

तुळसाबाईनं आत चूल फुंकली. मग आतून पुन्हा आवाज आला, जरा बारीक. "अन् भिंतीवर टोपी दिसून राहिली होती म्हणा."

देवाजीनं पऱ्हाटीचं एक काड मोडलं. "चूक झाली म्हणा. बाहेर उभं राहीन असं वाटलं. भिंत बुटकी निघाली."

आत ती हसली असावी. भांड्याचा आवाज आला, म्हणून नक्की कळलं नाही. तीस वर्षांत तिचं हसू त्यानं ऐकलं नव्हतं आणि आताही ऐकलं की नाही हे त्याला सांगता आलं नसतं. पण एवढी बोलणी झाली होती, तर आणखी एक व्हायला हरकत नव्हती.

"बळ्या," तो म्हणाला, "घरात सांग, भाजीत मीठ जास्त होऊन राहिलं."

"कवापासून?" आतून लगेच विचारणं आलं. बळीरामच्या नावानं म्हणायचंही राहून गेलं, ते तिच्या ध्यानात आलं आणि तिनं मागून जोडलं, "विचारा त्याहिले."

"श्रावणापासून."

"मंग चार महिने काहून नाई सांगितलं म्हणा? आमी का मीठ फुकट आणतो?"

बळीरामनं बिडी काढली आणि एकदा दाराकडे, एकदा भावाकडे पाहिलं. "का म्हणते ते, दादा?"

"उद्यापासून मीठ कमी टाकीन म्हणते," देवाजीनं त्याच्या कानाशी वाकून मोठ्यानं सांगितलं.

"बरोबर हाये," बळीराम म्हणाला.